गोळी वाचवू नका, वेळ पाळा

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला मुलांकडे राहायला येणाऱ्या आईवडिलांपैकी कोणाला पार्किन्सन्स असेल, तर त्यांच्या औषधांच्या पिशवीत बहुतेक वेळा सिंडोपाची पट्टी सापडते. पट्टीवर ११०, १२५ किंवा २७५ असा एकच आकडा असतो. तेच औषध इथल्या फार्मसीतून घेतले की बाटलीच्या लेबलवर दोन आकडे येतात: १०-१००, २५-१०० किंवा २५-२५०. मग घरात प्रश्न सुरू होतात. २७५ च्या जागी २५० दिली म्हणजे डोस कमी केला का? दोन आकडे म्हणजे दोन गोळ्या घ्यायच्या का? खरे तर औषध तेच आहे. लिव्होडोपा आणि कार्बिडोपा या दोन घटकांच्या मिलिग्रॅमची बेरीज भारतात नावापुढे लावतात. अमेरिकेत दोन्ही आकडे वेगळे लिहितात आणि कार्बिडोपाचा आधी. म्हणून ११० म्हणजे इथली १०-१००, १२५ म्हणजे २५-१०० आणि २७५ म्हणजे २५-२५०. लक्ष ठेवायचे ते नावातल्या ‘सीआर’ या अक्षरांवर. ती गोळी हळूहळू विरघळणारी असते. साधी आणि सीआर यांचे आकडे सारखे असले तरी एकीच्या जागी दुसरी घेता येत नाही, आणि सीआर गोळी चावून किंवा कुटून तर कधीच घ्यायची नाही. गोळीचा रंग कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे ‘पिवळी सकाळी, निळी रात्री’ अशी खूण ठेवू नये.

आकड्यांचा हा गोंधळ पाच मिनिटांत मिटतो. मनातला एक समज मात्र सहज मिटत नाही, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. पार्किन्सन्सचे औषध जितके उशिरा सुरू करावे आणि जितके कमी घ्यावे तितके चांगले, असे अनेक घरांत मानले जाते. ‘या गोळीचा असर पाच वर्षांनी संपतो, म्हणून ती शेवटच्या काळासाठी राखून ठेवू,’ असे म्हणत माणसे एक डोस गाळतात, अर्धी गोळी मोडून ठेवतात, बरे वाटले त्या दिवशी दुपारची घेतच नाहीत. हेतू चांगला असतो, पण हिशेब चुकलेला असतो. हे औषध साठवून पुढे कामाला येत नाही. योग्य मात्रेत, ठरल्या वेळी, त्याच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर ठेवून घेतले तरच ते उपयोगी पडते.

आधी गोळी काय करते ते पाहू. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन केले, पण त्याचे रासायनिक कारण कळायला पुढे जवळजवळ दीड शतक जावे लागले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन हे औषध देऊन निश्चल केलेल्या सशांना लिव्होडोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकिविच यांनी पार्किन्सन्सने मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन फारच घटलेले असल्याचे दाखवले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडाने घेण्याची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जागेवर खिळलेली माणसे चालू लागली. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लिव्होडोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. पण बरेचसे लिव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच शरीरात खर्च होते आणि त्याने मळमळ, उलट्या होतात. कार्बिडोपा ही वाटेतली गळती थांबवते. दोन्हींची जोडगोळी १९७५ पासून अमेरिकेत मिळू लागली आणि पन्नास वर्षांत कंप, ताठरपणा, मंदगती यांवर तिच्याइतके परिणामकारक तोंडाने घेण्याचे औषध आलेले नाही. ती आजार बरा करत नाही आणि त्याची चालही रोखत नाही. हे डॉक्टर सांगतात तेव्हा ‘मग घ्यायची कशाला’ असा प्रश्न येतो. चष्म्याने दृष्टीदोष बरा होत नाही, तरी आपण चष्मा लावूनच वाचतो.

आता ‘राखून ठेवण्या’बद्दल पुरावा काय सांगतो ते पाहू. घानामध्ये औषध परवडत नसल्याने आणि मिळत नसल्याने रुग्णांना लिव्होडोपा उशिरा सुरू होत असे, आजार सुरू झाल्यावर सरासरी ४.२ वर्षांनी. इटलीत ते २.४ वर्षांनी सुरू होई. दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. राखून ठेवण्याचा सिद्धांत खरा असता, तर डोस मध्येच उतरणे आणि अंग नको तसे हलणे हे त्रास घानातल्या लोकांना बरेच उशिरा व्हायला हवे होते. तसे झाले नाही. आजाराला किती वर्षे झाली त्यावर ते त्रास अवलंबून होते, औषध घेऊन किती वर्षे झाली त्यावर नाही. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना लगेच आणि अर्ध्यांना ४० आठवडे उशिरा लिव्होडोपा दिले. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. लवकर सुरू केल्याने आजाराची चाल मंदावली नाही आणि नुकसानही झाले नाही. पण ते पहिले ४० आठवडे एका गटातल्या अनेकांनी औषधाविना काढले. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर मला हा काळच महत्त्वाचा वाटतो. शर्टाचे बटण लावता न येण्याचे, पानावरचा घास सांडण्याचे, लोकांत जाणे टाळण्याचे ते महिने असतात, आणि ते पुढे कोणत्याही खात्यात जमा होत नाहीत.

म्हणून भरपूर गोळ्या घ्याव्यात असा याचा अर्थ नाही. त्याच घानाच्या अभ्यासात अंग हलण्याच्या त्रासाचा संबंध शरीराच्या वजनामागे पडणाऱ्या रोजच्या मात्रेशी दिसला. पंचेचाळीस किलो वजनाच्या आजींना आणि ऐंशी किलोच्या आजोबांना एकच मात्रा सारखी पडत नाही. पन्नाशीच्या आत आजार सुरू झालेल्यांना हा त्रास लवकर होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर कधी दुसऱ्या औषधाने सुरुवात करतात. उपयोग होईल एवढी, त्याहून जास्त नाही, अशी मात्रा न्यूरॉलॉजिस्टने ठरवायची असते. ‘आज थोडे बरे आहे’ असे म्हणून आपण ती घरी कापायची नसते.

वेळेला इतके महत्त्व का, याचे उत्तर औषधाच्या अल्पायुष्यात आहे. कार्बिडोपाची जोड असूनही रक्तातले लिव्होडोपा साधारण दीड तासात निम्मे होते. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी डोपामिन साठवून पुरवून पुरवून वापरतात, म्हणून दिवसातून तीन गोळ्यांवर भागते आणि तासभर इकडेतिकडे झाले तरी जाणवत नाही. पुढे साठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि रक्तातला चढउतार थेट हातापायांत उतरतो. गोळी लागू असताना माणूस ‘ऑन’ असतो, उतरली की ‘ऑफ’. या टप्प्यावर अर्धा तास उशीर म्हणजे अर्धा तास खुर्चीत अडकून बसणे. म्हणून गजर लावा, आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: गोळी किती वाजता घेतली, किती वाजता लागू झाली, किती वाजता उतरली. आठवड्याभराची अशी नोंद डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या तोंडी हकिगतीपेक्षा जास्त सांगते. नोंद करताना एक फरक ओळखायला शिका. हात शांत ठेवलेला असताना तालात थरथरतो तो कंप, आणि तो बहुधा औषध उतरल्यावर वाढतो. मान, खांदे, धड नाचल्यासारखे, वळवळल्यासारखे हलते तो डिस्कायनेशिया, आणि तो बहुतेक वेळा औषध भरात असताना होतो. घरचे लोक दोन्हींना ‘थरथर’ म्हणतात, आणि दुसऱ्या प्रकारात आणखी एक गोळी देऊन त्रास वाढवतात.

गोळी लागू होईनाशी झाली की आधी ताटाकडे पाहावे. प्रथिने पचून तयार होणारी अमिनो आम्ले आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना लिव्होडोपाच्याच दारात गर्दी करतात. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर किंवा जेवल्याबरोबर घेण्याची सवय घट्ट असते, आणि या औषधासाठी तीच चुकीची ठरते. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवल्यावर तासा-दीड तासाने, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादे मारी बिस्कीट किंवा मूठभर कुरमुरे चालतील, दूध-दही-पनीर नको. दुपारी ऑफ होण्याचा त्रास फार असेल, तर उसळ, घट्ट वरण, पनीर रात्रीच्या जेवणात घ्यावे आणि दिवसा भाकरी, भाजी, भात यांवर भर द्यावा. पण प्रथिने बंद करू नयेत, कारण या आजारात वजन आणि स्नायू तसेही घटतात. लोहाची गोळी लिव्होडोपाला धरून ठेवते, त्यामुळे दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. आणि बद्धकोष्ठता असेल तर ती आधी आवरा. पोट साचलेले असेल तर गोळी आतड्यापर्यंत वेळेवर पोचतच नाही.

रेडमंडच्या प्रवासात हे सगळे वेळापत्रक एकदम कोलमडते. उन्हाळ्यात रेडमंडचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते, हिवाळ्यात साडेतेरा. विमानात भिंतीवरचे घड्याळ विसरा आणि जागेपणी दोन गोळ्यांमधले तास मोजा. उतरल्यावर दुसऱ्या सकाळपासून इथल्या वेळेप्रमाणे नेहमीचा क्रम धरा. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून प्रवासाच्या दोन दिवसांची वेळ लिहूनच घ्या. औषधे हातातल्या बॅगेत, मूळ पट्ट्यांत आणि इंग्रजी चिठ्ठीसह असावीत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी सर्वसाधारणपणे ९० दिवसांपुरते औषध आणू देतात, आणि आईवडील राहतात मात्र पाच-सहा महिने. भारतातली चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. म्हणून औषध संपत आल्यावर धावपळ करण्याऐवजी, पोचल्यापोचल्या पहिल्याच महिन्यात इथल्या डॉक्टरांची वेळ मागावी, कारण न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळायला आठवडे लागतात. कार्बिडोपा-लिव्होडोपाची जेनेरिक गोळी इथे महाग औषधांत मोडत नाही. खर्च डॉक्टरांच्या भेटीचा असतो. पाहुण्यांचा प्रवासविमा आधीपासूनच्या आजाराचा खर्च बहुधा देत नाही, हे धरूनच पैशांची तजवीज ठेवा. शेजारच्या कर्कलंडमध्ये एव्हरग्रीनहेल्थ रुग्णालयात पार्किन्सन्ससाठी वेगळे केंद्र आहे. १९८५ ते १९९३ या काळात वॉशिंग्टनचे गव्हर्नर असलेले आणि पुढे स्वतः या आजारासह जगलेले बूथ गार्डनर यांचे नाव त्याला दिले आहे.

यापुढची गोष्ट मला सर्वांत तातडीची वाटते. पार्किन्सन्सच्या गोळीचे खरे शत्रू अनेकदा घरातल्या दुसऱ्याच औषधांच्या डब्यात असतात. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षे घेतली जाणारी स्टुजेरॉन, म्हणजे सिनारिझिन, डोपामिनचे काम अडवते आणि पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माणही करू शकते. पित्तासाठी भारतात सर्रास लिहिल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड मिसळलेले असते, तेही तसेच. नावात फक्त एखादे अक्षर जास्त असते, त्यामुळे पट्टीवरचे बारीक अक्षरांतले घटक वाचल्याशिवाय कळत नाही. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे आपल्याकडची पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल, यांना पार्किन्सन्समध्ये पूर्ण मज्जाव हवा. आपल्याकडे अशा वेळी डॉक्टर डोमपेरिडोन देतात, पण अमेरिकेत त्याला मान्यता नाही. त्यामुळे इथल्या इमर्जन्सीत मळमळीसाठी नेमकी मेटोक्लोप्रमाइडची सुई दिली जाण्याचा धोका असतो. ‘ऑन्डॅनसेट्रॉन चालेल का?’ एवढे विचारता आले तरी पुष्कळ आहे. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन हे पार्किन्सन्सचेच औषध चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध घेऊ नये. रेडमंडच्या ओल्या थंडीत दुकानातून सहज उचलल्या जाणाऱ्या नायक्विल, रोबिटसिन डीएम यांत तेच असते. झोपेसाठी टायलेनॉल पीएम किंवा बेनाड्रिलही नको. त्यातल्या डायफेनहायड्रामिनने म्हाताऱ्या माणसाला रात्री भ्रम होऊ शकतो, आणि कंपासाठी वर्षानुवर्षे चालू असलेल्या पॅसिटेननेही सत्तरीनंतर तेच होते. पॅसिटेन चालू असेल तर ती अजून लागते का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर वेळेची लढाई नव्याने सुरू होते. नर्सच्या औषधवाटपाची वेळ आणि आजोबांच्या डोसची वेळ सहसा जुळत नाही. अमेरिकेतले पार्किन्सन्स फाउंडेशन रुग्णांना सांगते की ठरल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत गोळी मिळावी अशी मागणी करा. ही मागणी करताना संकोच करू नका. तो हट्ट नव्हे, तो उपचारच आहे. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचे असेल तर या गोळीचे काय करायचे, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. लिव्होडोपा अचानक बंद झाले, तर तीव्र ताप, कडकपणा आणि शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. म्हणून गोळ्या संपणे, उपासतापास करणे किंवा ‘चार दिवस सगळी औषधे बंद करून पाहू’ असा प्रयोग, यांतले काहीही या आजारात किरकोळ नाही.

दुष्परिणामांचा आक्षेप मात्र खरा आहे, तो उडवून लावू नये. उठताना रक्तदाब पडून घेरी येते. अशा वेळी रक्तदाबाच्या जुन्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो. कोपऱ्यात नसलेली माणसे बसलेली दिसतात, दिवसा झोप आवरत नाही. याहून अवघड असते ती न बोलली जाणारी गोष्ट. पार्किन्सन्सवरच्याच प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांनी काही जणांना जुगार, खरेदी, खाणे किंवा कामेच्छा यांवरचा ताबा राहत नाही. ३,०९० रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, ही औषधे घेणाऱ्या १७.१ टक्के लोकांत असे वर्तन आढळले, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. आयुष्यभर काटकसर केलेल्या वडिलांनी ऑनलाइन रमीत पैसे घालवले, तर मुले ते वडिलांच्या स्वभावाच्या नावावर लिहितात. तो औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टर मात्रा उतरवू शकतात, औषध बदलू शकतात. फक्त त्यांना सांगायला हवे. यातल्या बहुतेक दुष्परिणामांवर काही ना काही उपाय आहे. लाजेने गप्प राहिले तर मात्र तो मिळत नाही.

दुसरा आक्षेप खाजकुहिलीच्या बाजूने येतो: निसर्गातले असताना रसायन कशाला? तिच्या, म्हणजे कपिकच्छूच्या, बियांत खरोखरच लिव्होडोपा असते, साधारण चार ते सात टक्के. त्यामुळे ती गुणकारी आहे, हे म्हणणे खोटे नाही. पण मग ती ‘औषधाशिवायचा उपाय’ राहत नाही. ते तेच औषध आहे, फक्त किती गेले ते कळत नाही. अमेरिकेत पूरक आहार म्हणून मिळणाऱ्या डब्यांत दर डब्यागणिक प्रमाण बदलू शकते, आणि सोबत कार्बिडोपा नसल्याने मळमळही जास्त होते. सिंडोपाबरोबर गुपचूप चमचाभर चूर्ण घेतले, तर मात्रा नकळत वाढते आणि डॉक्टर भलत्याच निष्कर्षाला पोचतात. घ्यायचेच असेल तर सांगून घ्या. व्यायामाचेही तसेच. चालणे, ताई-ची, नृत्य या आजारात मोलाचे आहेत, पण रेडमंडच्या मेरीमूर पार्कची फेरी गोळी लागू असण्याच्या तासात ठेवली तरच पाय साथ देतात. औषध व्यायामाला जागा करून देते. दोघांत निवड करायची नाही.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. रेडमंडमध्ये शुभंकर बहुधा दिवसभर मीटिंगमध्ये असतो आणि शुभार्थी घरात एकटा, इंग्रजीला बिचकणारा. म्हणून आज रात्री एक काम करा. एका कागदावर इंग्रजीत आईवडिलांच्या प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि घेण्याची नेमकी वेळ लिहा. त्याखाली मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि तसेच डोपामिन अडवणारे हॅलोपेरिडॉल देऊ नये, असे ठळक अक्षरांत लिहा. एक प्रत फ्रिजवर लावा, एक त्यांच्या पाकिटात ठेवा. ९११ वर फोन केल्यावर आलेल्या माणसाला तो कागद दाखवायला मराठी किंवा इंग्रजी, काहीच बोलावे लागत नाही.